केळ्याचा ‘डीएनए’ आणि मोसंबीची साल

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तालुका आणि जिल्हा विज्ञान प्रदर्शनांत एक प्रयोग हमखास असतो. पिकलेले केळे कुस्करायचे, त्यात मीठ आणि भांडी घासायचे लिक्विड घालायचे, गाळायचे आणि गाळलेल्या रसावर थंडगार अल्कोहोल सोडायचे. दोन थरांच्या मध्ये पांढरट, चिकट, बुडबुड्यांनी भरलेला पुंजका तरंगू लागतो आणि टेबलामागची मुले सांगतात, “हा केळ्याचा डीएनए.” बघणारे माना डोलावतात, परीक्षक गुण देऊन पुढे जातात. प्रयोग चांगला आहे, स्वस्त आहे, तो बंद व्हावा असे आमचे मुळीच म्हणणे नाही. पण त्या पुंजक्यात डीएनए चिमूटभर आणि पेक्टिन भरपूर असते. हे पडताळून पाहायची सोय त्याच टेबलावर एका मोसंबीच्या सालीत आहे, आणि ती कोणी करत नाही.

मोसंबीच्या सालीच्या आतला पांढरा मऊ भाग चमच्याने खरवडून साधारण ३० ग्रॅम घ्यावा. १५० मिलिलिटर पाण्यात अर्धे लिंबू पिळून त्यात तो वीस मिनिटे मंद आचेवर उकळावा, मलमलीच्या फडक्यातून गाळावा आणि पूर्ण थंड होऊ द्यावा. या पाण्यात ना साबण, ना मीठ. परीक्षानळीत ५ मिलिलिटर घेऊन नळी तिरपी धरावी आणि कडेने तेवढेच थंड अल्कोहोल सोडावे. थोड्याच वेळात तसाच पांढरट पुंजका वर येतो, तसेच बुडबुडे त्याला चिकटतात, काडीने उचलला तर तशीच तार धरतो. हे पेक्टिन आहे. वनस्पतींच्या पेशीभित्तिका एकमेकींना चिकटवून ठेवणारी ही लांब साखळीची शर्करा पाण्यात विरघळते, अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. जॅम करणारे चमचाभर रसात स्पिरिट घालून फळातले पेक्टिन जोखतात, ते याच गुणावर. फळ पिकताना भित्तिकेतले पेक्टिन सुटे होऊन रसात उतरते, म्हणून पिकल्या केळ्याचा पुंजका एवढा घसघशीत दिसतो.

खरे तर डीएनएसाठी केळ्याइतके गैरसोयीचे फळ शोधून सापडणार नाही. खायच्या केळ्यात गुणसूत्रांचे तीन संच, म्हणजे ३३ गुणसूत्रे असतात हे खरे, पण सगळी मिळून एका केंद्रकात बेस-जोड्या (डीएनएच्या पिळदार शिडीच्या पायऱ्या) दोनशे कोटींच्या आतच. त्यात गराच्या पेशी मोठ्या, पाण्याने आणि पिठूळ साठ्याने भरलेल्या. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीबद्दलही असेच सांगितले जाते, की तिच्यात आठ संच असतात म्हणून डीएनए भरपूर. संच आठ आहेत, पण प्रत्येक संच इतका लहान आहे की आठांची बेरीज सुमारे १६० कोटी जोड्या होते. माणसाच्या एका केंद्रकात ६४० कोटी असतात. संच किती यावरून डीएनए किती हे ठरत नाही.

कांद्याची गोष्ट उलटी. गुणसूत्रे फक्त १६, पण एका केंद्रकात सुमारे ३२०० कोटी जोड्या, माणसाच्या पाचपट. (कांदा माणसापेक्षा पाचपट गुंतागुंतीचा आहे का, हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. यातला बहुतेक डीएनए पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांचा आहे.) दोन शेजारच्या जोड्यांमधले अंतर ०.३४ नॅनोमीटर, म्हणजे कांद्याच्या एका केंद्रकातला डीएनए टोकाला टोक लावला तर सुमारे ११ मीटर भरतो. वजन मात्र ३३ पिकोग्रॅम (एक पिकोग्रॅम म्हणजे मायक्रोग्रॅमचा दहा लाखावा भाग). आता हिशोब करू. कांद्याच्या पाकळीतली पेशी १०० मायक्रॉन (मिलिमीटरचा दहावा भाग) बाजूचा घन धरली तर एका ग्रॅममध्ये १० लाख पेशी येतात आणि त्यांचा मिळून डीएनए ३३ मायक्रोग्रॅम. ५० ग्रॅम कांदा वाटून सगळाच्या सगळा डीएनए हाती लागला, तरी तो दीड-पावणेदोन मिलिग्रॅम भरेल. टेबलावरच्या नळीत बोटभर गोळा दिसत असेल, तर तो सगळा डीएनए नाही हे सातवीतला मुलगाही या आकड्यावरून सांगेल.

म्हणून ज्यांना खरोखर डीएनए हवा आहे त्यांनी फ्लॉवर घ्यावा. फ्लॉवरचा पांढरा गड्डा म्हणजे न उमललेल्या फुलोऱ्याची दाटी. त्याच्या वरच्या पृष्ठभागावर सतत विभागणाऱ्या, बारीक, केंद्रकाने जवळजवळ भरलेल्या पेशी असतात. फ्लॉवरच्या केंद्रकातला डीएनए कांद्याच्या विसाव्या हिश्शाहूनही कमी आहे. पण पेशीची बाजू १०० ऐवजी २० मायक्रॉन धरली की एका ग्रॅममध्ये पेशी सव्वाशे पट होतात, आणि ग्रॅममागे डीएनए कांद्याच्या पाचपट पडतो. शिवाय फळाच्या मानाने सुटे पेक्टिन कमी. फक्त तुऱ्यांचे वरचे दोन-तीन मिलिमीटर सुरीने खरवडून घ्यायचे, देठ टाकून द्यायचा. देठासकट मिक्सरला लावला तर हा सगळा फायदा गेला.

कृती अशी. ९० मिलिलिटर पाण्यात ३ ग्रॅम मीठ (सपाट अर्धा चहाचा चमचा) विरघळवून त्यात १० मिलिलिटर भांडी घासायचे लिक्विड अलगद मिसळावे, फेस येऊ देऊ नये. भांड्यांची वडी चालत नाही, तिच्यात साबणाखेरीज बरीच खनिज भुकटी असते आणि गाळणे मुश्कील होते. ५० ग्रॅम खरवडलेला फ्लॉवर या द्रावणात घालून भांडे ६० अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात दहा-बारा मिनिटे ठेवावे, मग पाच मिनिटे बर्फात. त्यानंतर मिक्सरमधून पाच सेकंद, जास्त नाही. चहाच्या गाळणीवर मलमलीचे दुहेरी फडके टाकून गाळावे, पिळू नये. गाळलेला रस ५ मिलिलिटर, त्यावर बर्फात गार केलेले ९५ टक्के इथाइल अल्कोहोल १० मिलिलिटर, नळीच्या कडेने, थेंबाथेंबाने. दहा मिनिटे नळी हलवायची नाही.

यातल्या प्रत्येक पायरीला कारण आहे आणि तोंडी परीक्षेत तेच विचारले पाहिजे. पेशीपटल आणि केंद्रकपटल दोन्ही मेदाच्या दुहेरी थराचे. साबणाचा रेणू एका टोकाने मेद धरतो आणि दुसऱ्याने पाणी, म्हणून दोन्ही पटले विरघळतात आणि केंद्रकातला माल बाहेर येतो. पेशीभित्तिकेवर साबणाचा उपाय चालत नाही, तिच्यासाठी उष्णता आणि मिक्सर. मिठाचे काम मागाहून सुरू होते. डीएनएच्या कण्यावरचा प्रत्येक फॉस्फेट ऋणभारित असल्यामुळे धागे एकमेकांना दूर लोटतात. सोडियमचे धनभारित आयन तो भार झाकतात. पण पाण्यात सोडियम आणि फॉस्फेट दोघांभोवतीही पाण्याच्या रेणूंचा वेढा असतो. अल्कोहोल आले की हा वेढा ढिला पडतो, दोघे जवळ येतात आणि धागे एकत्र येऊन बाहेर पडतात. म्हणून मीठ विसरले तर नुसते अल्कोहोल पुरेसे काम करत नाही. फळाच्या रसात स्वतःचे क्षार असतात, तेवढ्यावर थोडेफार निघते, आणि ‘मीठ नाही घातले तरी आले’ असे मुले सांगतात ते त्यामुळे.

गरम करण्यामागे आणखी एक हेतू आहे. पेशी फुटली की डीएनएचे तुकडे करणारी तिचीच एन्झाइम मोकळी सुटतात. ६० अंशांना त्यांचा जोर बराच मोडतो, आणि बर्फात उरलेल्यांचा वेग मंदावतो. पाणी उकळते ठेवले तर मात्र डीएनएचे दोन धागे एकमेकांपासून सुटतात आणि भाजीचा लगदा होतो. थर्मामीटर नसेल तर उकळते पाणी आणि खोलीतले पाणी निम्मे निम्मे मिसळावे, साठीच्या आसपास येते. मिक्सर जास्त फिरला तर लांब रेणू तुटतात आणि काडीला गुंडाळता येतील असे धागे मिळतच नाहीत, नुसता भुरकट ढग येतो. प्रथिने काढायला ताज्या अननसाचा रस वापरतात तो डब्यातला नको; डबाबंद करताना तापवल्यामुळे त्यातले ब्रोमेलिन हे प्रथिने पचवणारे एन्झाइम निकामी झालेले असते.

सर्वांत जास्त नळ्या फसतात त्या अल्कोहोलपाशी. डीएनए नीट बाहेर पडायला मिश्रणात अल्कोहोल साधारण ६५ टक्के लागते. सॅनिटायझर ७० टक्क्यांचा असतो. तो बरोबरीने ओतला की मिश्रण ३५ टक्क्यांवर येते आणि काहीच होत नाही. त्यात जेलचा सॅनिटायझर असेल तर जे पांढरे दिसते ते काय हे सांगता येणार नाही. शुद्ध इथाइल अल्कोहोल बाळगायला उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो आणि अनेक शाळांकडे तो नसतो. रसायनांच्या दुकानातले ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते, आणि ते रसाच्या बरोबरीनेच पुरते. बाटली घरच्या फ्रीजमध्ये ठेवू नये. तिची वाफ पेट घेते आणि फ्रीजच्या आतल्या ठिणगीचे निमित्त पुरते. बर्फात मीठ घालून त्यात बाटली उभी करावी, जवळपास स्पिरिटचा दिवा नको.

एवढे करून आलेला पुंजकाही निखळ डीएनए नसतो. बऱ्याच पेशींत आरएनए हा डीएनएचा भाऊबंद रेणू डीएनएपेक्षा जास्त असतो आणि अल्कोहोल त्यालाही तसेच बाहेर काढते. काही प्रथिने चिकटून येतात. मग ओळखायचे कसे? मिथिलीन ब्लू टाकून ‘निळा झाला, म्हणजे डीएनए’ ही जी पद्धत रूढ आहे ती टाकाऊ आहे. मिथिलीन ब्लू धनभारित रंग आहे, जिथे ऋणभार असेल तिथे तो बसतो. पेक्टिनवरही. मोसंबीचा पुंजका शेजारी ठेवून दोन्हींवर एकेक थेंब टाका, दोन्ही निळे होतील.

योग्य चाचणी डायफेनिलअमाइनची. १०० मिलिलिटर ग्लेशिअल ॲसिटिक आम्लात १ ग्रॅम डायफेनिलअमाइन आणि २.५ मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल. हे द्रावण शिक्षकांनीच, हातमोजे आणि चष्मा घालून, खिडक्या उघड्या ठेवून करायचे. मुलांच्या हाती देऊ नये. पुंजका आधी ७० टक्के अल्कोहोलने दोनदा धुवावा, कारण भाजी-फळातली साखर मागे राहिली तर फसवा रंग येऊ शकतो. मग तो १ मिलिलिटर सौम्य मिठाच्या पाण्यात विरघळवून त्यात हे द्रावण २ मिलिलिटर घालावे आणि नळी उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवावी. डीऑक्सिरायबोज, म्हणजे डीएनएच्या कण्यातली साखर, असेल तर निळा रंग येतो. शेजारी मोसंबीच्या पेक्टिनची नळी आणि नुसत्या मिठाच्या पाण्याची नळी हवीच. तीन नळ्या एकत्र पाहिल्याशिवाय निळ्याला अर्थ नाही. केळे, कांदा आणि फ्लॉवर यांचे समान वजनाचे पुंजके घेऊन ही चाचणी केली, तर कोणाचा किती निळा येतो हा एक सुरेख प्रकल्प होतो. प्रदर्शनात तो कोणी मांडला तर आमच्या मते त्याला पहिले बक्षीस द्यावे.

हा काटेकोरपणा नवा नाही. डीएनए पहिल्यांदा वेगळा केला तो फ्रिडरिख मीशर या स्विस संशोधकाने, १८६९ मध्ये, जर्मनीतल्या ट्युबिंगेन इथे. रुग्णालयातल्या पट्ट्यांवरच्या पुवातल्या पांढऱ्या पेशी त्याने घेतल्या, डुकराच्या जठरातून काढलेल्या पेप्सिनने प्रथिने पचवली आणि केंद्रके वेगळी करून त्यांतून पदार्थ काढला. पांढरा पदार्थ मिळाला यावर तो थांबला नाही. पेप्सिन त्याला पचवत नाही आणि त्यात फॉस्फरस भरपूर आहे, या दोन गोष्टींवरून हे प्रथिन नव्हे असे त्याने म्हटले आणि त्याला न्यूक्लीन हे नाव दिले. त्याचे गुरू होप-सायलर यांनी सगळे प्रयोग स्वतः पुन्हा करून पाहिले आणि मगच, १८७१ मध्ये, ते छापले. पुढे १९४४ मध्ये एव्हरी, मॅकलिऑड आणि मॅकार्टी यांनी न्यूमोनियाच्या जिवाणूत आनुवंशिक बदल घडवणारा पदार्थ डीएनएच आहे हे दाखवले, तेही याच वळणाने: प्रथिन पचवणाऱ्या आणि आरएनए तोडणाऱ्या एन्झाइमांनी काही फरक पडला नाही, डीएनए तोडणाऱ्या एन्झाइमने मात्र तो गुण गेला.

नळीतला डीएनए पाहून एक प्रश्न मागे राहतो: पेशीत तो असतो कुठे आणि कसा? त्याचे उत्तर कांद्याच्या मुळाच्या स्लाइडमध्ये आहे. इथे मात्र कांदाच हवा. फ्लॉवरची गुणसूत्रे १८, पण इतकी बारीक की कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकात ठिपके दिसतात. कांद्याची ठळक आणि लांब, ४०० पट मोठी करून आरामात दिसतात.

कांद्याच्या बुडाची वाळकी मुळे चकतीला धक्का न लावता खरवडावीत. बाटलीच्या तोंडावर कांदा असा ठेवावा की बूड पाण्याला जेमतेम टेकेल. बुडाला तर सडतो. पाणी रोज बदलावे. तीन-चार दिवसांत दोन-तीन सेंटिमीटर मुळे येतात. नुकताच काढलेला कांदा सुप्तावस्थेत असतो आणि मुळे धरत नाही. लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात गॅमा किरण दिलेला कांदाही या कामाचा नाही. कोंब फुटू नयेत म्हणूनच त्याच्यावर ते किरण सोडलेले असतात आणि विभागणाऱ्या पेशींनाच त्यांचा दणका बसतो. अशा वेळी लसणाची पाकळी घ्यावी, तिचीही गुणसूत्रे १६च.

सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान मुळांची टोके कापून तीन भाग इथाइल अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशिअल ॲसिटिक आम्लात चोवीस तास ठेवावीत. मग एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात (११ भाग पाण्यात १ भाग तीव्र आम्ल, आम्ल पाण्यात ओतायचे, उलटे नाही) ६० अंशांना सात-आठ मिनिटे. ही पायरी वेळ वाचवायला सर्रास गाळली जाते आणि तिथेच स्लाइड बिघडते. पेशींना जोडणारे पेक्टिन या आम्लाने सैल होते. ते झाले नाही तर कितीही दाबले तरी पेशी थरावर थर राहतात. फार वेळ ठेवले तर टोक विरते आणि गुणसूत्रांचा रंग फिका पडतो. पाण्याने धुऊन ॲसिटो-ऑर्सीन या गुणसूत्रे रंगवणाऱ्या द्रावणात वीस-तीस मिनिटे ठेवावे. त्यानंतर सर्वांत गडद रंगलेले शेवटचे एक-दीड मिलिमीटर तेवढे ठेवून बाकी मूळ काढून टाकावे. मुलांना स्लाइडवर नुसत्या लांबोडक्या पेशी दिसतात, विभाजन एकही नाही, याचे कारण बहुतेकदा हेच, की टोकाऐवजी वरचा भाग घेतला. कव्हरस्लिप ठेवून टिपकागदाच्या घडीत अंगठ्याने सरळ खाली दाबावे. कव्हरस्लिप घसरली की पेशी गुंडाळल्या जातात.

पाचशे पेशी मोजाव्यात आणि विभाजनाच्या अवस्थांची नोंद ठेवावी. पूर्वावस्था (गुणसूत्रे दिसू लागतात) भरपूर, मध्यावस्था (ती मधोमध रांगेत येतात) आणि पश्चावस्था (ती दोन टोकांकडे ओढली जातात) कमी, असे दिसेल. एखाद्या अवस्थेत पेशी जास्त दिसणे याचा अर्थ ती अवस्था जास्त वेळ टिकते. स्थिर चित्रावरून काळ मोजण्याची ही युक्ती पाठ्यपुस्तकातल्या घड्याळासारख्या आकृतीपेक्षा कितीतरी चांगली समजते. परीक्षेत कायमस्वरूपी तयार स्लाइड ठेवून ‘ओळखा’ म्हटले की मुले स्लाइडवरच्या ओरखड्यावरून ओळखतात, हे सगळ्यांना माहीत आहे.

याच स्लाइडवर एक गोंधळ कायमचा मिटवता येतो. सीईटी आणि नीटमध्ये गुणसूत्रांची संख्या आणि डीएनएचे प्रमाण यांवर हटकून प्रश्न येतो आणि हुशार मुलेही चुकतात. विभाजनाआधी डीएनएची प्रत तयार होते तेव्हा कांद्याच्या केंद्रकातला डीएनए ३३ वरून ६६ पिकोग्रॅम होतो, ११ मीटरचे २२ मीटर होतात, पण गुणसूत्रे १६च राहतात. प्रत्येकाला दोन अर्धगुणसूत्रे असतात, गुणसूत्रबिंदूशी जोडलेली. मोजायचे ते बिंदू. मध्यावस्थेत १६ मोजा. पश्चावस्थेत जोड्या सुटल्या की त्याच पेशीत ३२ मोजा, डीएनए मात्र तेवढाच. पेशी दुभंगल्यावर प्रत्येकीत पुन्हा १६ आणि ३३ पिकोग्रॅम. नेमकी मोजणी करायची असेल तर मुळे आधी पॅराडायक्लोरोबेंझिनच्या संपृक्त द्रावणात तीन तास ठेवावीत. गुणसूत्रे आखूड आणि सुटी होतात. गुणसूत्रांना टोकांकडे ओढणारे तर्कूचे धागे मोडल्यामुळे त्या स्लाइडवर पश्चावस्था शोधू नये.

मोजणी अवघड असते हे मुलांना सांगायला हरकत नाही. माणसाची गुणसूत्रे ४८ असे १९२३ पासून तीन दशके मानले जात होते. जो हिन त्जिओ आणि अल्बर्ट लेव्हान यांनी पेशी फुगवून, गुणसूत्रे नीट पसरवून १९५६ मध्ये ४६ हा आकडा प्रसिद्ध केला.

जाता जाता एक विनंती थेट आपल्याला. वृत्तपत्रांत जनुकांविषयी बातमी आली की सोबत डीएनएच्या गोफाचे चित्र असते आणि ते बऱ्याचदा उलट्या पिळाचे असते. पेशीतला नेहमीचा डीएनए उजव्या पिळाचा आहे. ओळखायची खूण सोपी: चित्र उभे धरा, पुढच्या बाजूचे धागे डावीकडून खालून उजवीकडे वर चढत असले पाहिजेत, बाजारात मिळणाऱ्या साध्या स्क्रूच्या आट्यांसारखे. चित्र उलटे, म्हणजे डोके खाली पाय वर केले तरी पिळाची दिशा बदलत नाही. ती बदलते आरशातल्यासारखी डावी-उजवी फिरवली तर, आणि पानावर जागा साधताना चित्र नेमके तसेच फिरवले जाते.

आपले,
जीवशास्त्राचे काही शिक्षक, नाशिक